जुन्या इंग्रजी थाटाच्या हॉटेलात राहायचंय? माथेरान की महाबळेश्वर, एका ठाणेकराचं मत

ठाण्याहून निघायचं, दोन रात्री राहायचं, आणि रिसॉर्ट अजिबात नको, इंग्रजांच्या काळातलं हॉटेल हवं, लांबलचक व्हरांडा, वेताची आरामखुर्ची, उंच कौलारू छप्पर वगैरे, अशी ज्यांची मागणी असते त्यांच्यापुढे फिरून फिरून दोनच नावं उरतात. आमच्या घरातही ही चर्चा होऊन गेलीय आणि दोन्हीकडे राहूनही झालंय, म्हणून लिहितोय. पॉइंट कुठले बघायचे, स्ट्रॉबेरी कुठे आणि चिक्की कुठली, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही.

माझ्या मते खरा फरक हॉटेलात नाहीये, त्या काळी पाहुणा हॉटेलच्या दारात कशावर बसून यायचा त्यात आहे.

माथेरान आपल्या ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेटने, 1850 साली इंग्रजांच्या नकाशावर आणलं, डोंगर आणि तिथली माणसं आधीपासून होतीच. पुढच्या वर्षी त्याने वर घर बांधलं. 1853 ला रेल्वे ठाण्यापर्यंत आली, 1856 ला खोपोलीपर्यंत गेली, म्हणजे नेरळ मुंबईकरांच्या टप्प्यात आलं. पण नेरळला उतरलं की चाकांचा प्रवास संपला. वर जायला तट्टू, नाहीतर चार माणसांच्या खांद्यावरची डोली, नाहीतर स्वतःचे पाय. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे 1907 ला सुरू झाली, तोवर साधारण पन्नास वर्षं सगळं सामानसुमान, मडमांचे हॅटचे डबे आणि सोडावॉटरच्या बाटल्या धरून, डोक्यावरून नाहीतर तट्टाच्या पाठीवरून चढलं.

महाबळेश्वरचं उलटं. 1829 ला सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून इंग्रजांनी ती जागा घेतली, माल्कम पेठ नावाची वस्ती वसवली, आणि मग रस्त्यांच्या मागे लागले. मुंबईहून एक वाट समुद्राने बाणकोटपर्यंत, तिथून सावित्रीच्या खाडीने दासगाव आणि मग महाड-पोलादपूरवरून घाट. दुसरी पुण्यावरून. पुढे पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनला उतरायचं आणि टांगा पकडायचा, वाई, पसरणी घाट, पाचगणी करत साठेक किलोमीटर. आपल्या डोक्यात टांगा म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरचा, मोठी माणसं सांगतात तो एका घोड्याचा. घाटातला टांगा जोडीचा असायचा, एक उतारू पुढे टांगेवाल्याशेजारी आणि मागे बसलेल्यांची पाठ पुढच्यांच्या पाठीला लागलेली, म्हणजे मागच्यांना अख्खा पसरणी घाट उलटा दिसणार आणि तोंडावर धूळ. ठराविक अंतरावर घोडे बदलायचे, कारण तेच घोडे चढावर शेवटपर्यंत दौडवणं शक्यच नाही.

हे सगळं का सांगतोय, तर महाबळेश्वरची जुनी हॉटेलं ही गाडी दारात येणार हे धरून बांधलेली आहेत. समोर छताचा पोर्च, गाडी आत येईल आणि वळून बाहेर पडेल असा गोल रस्ता, आणि बाजूला घोडे बांधायची जागा. आम्ही राहिलो तिथल्या एका जुन्या वेटरने ती जागा दाखवली, लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. खोल्या म्हणाल तर माथेरानपेक्षा चांगल्याच, मान्य करतो. पुढे व्हरांडा, मग झोपायची खोली, मग कपडे बदलायची वेगळी छोटी खोली आणि त्यामागे बाथरूम, आणि बाथरूमला बाहेरच्या बाजूने उघडणारं अजून एक दार. हे दार कशाला असा प्रश्न आमच्या मुलीला पडला. गरम पाण्याचे डबे आणि कमोडचं भांडं नेणारी माणसं त्या दाराने यायची-जायची, साहेबाच्या खोलीतून त्यांना येऊ द्यायचं नाही म्हणून. आता त्या दाराला आतून कुलूप आणि त्याच्यापुढे गीझर. व्हरांडा बघून खूश होणाऱ्यांनी हे दारही बघावं असं मला वाटतं, त्या काळाचा अर्धा हिशोब तिथे आहे.

आता जे माझ्या डोक्यात गेलं ते. त्या गोल रस्त्यावर आणि घोड्यांच्या जागेत आता गाड्या लागतात. त्यात चूक काहीच नाही, पाहुणे गाडी घेऊन येणार तर लावणार कुठे. पण व्हरांड्यापासून गाडीचं बॉनेट हातभर अंतरावर. पहाटे साडेपाचला पहिली इनोव्हा निघाली, तिला निघायला जागा हवी म्हणून मागची अर्टिगा मागे घेतली, तिच्या रिव्हर्सला ती ट्यून, तुम्हाला माहितीये कुठली, ती संपेपर्यंत तिसऱ्याने गाडी गरम करायला म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि ड्रायव्हर बाजूला उभा राहून फोनवर बोलतोय. रात्रीही तेच, साडेअकराला आलेली फॅमिली डिकी उघडतेय, बंद करतेय, परत उघडतेय. मी त्या आरामखुर्चीत बसून चहा प्यायचं स्वप्न घेऊन आलेलो, तर नाकासमोर एमएच झिरो फोरची नंबरप्लेट. मॅनेजरला सांगितलं तर तो बिचारा म्हणाला, साहेब, सीझनला असंच असतं. कोणी म्हणेल टांगेही गप्प नसायचे, काल्का-शिमला रस्त्यावर टपालाचे टांगेवाले वळणावर बिगुल वाजवायचे. वाजवू देत, बिगुल तीन मिनिटांनी पुढच्या वळणावर जातो, ही गाडी तिथेच उभी राहून मागे-पुढे करत असते. कदाचित मी घोडबंदर रोडला राहतो म्हणून मला हे जास्त लागत असेल, हॉर्नचा माझा कोटा घरीच भरतो.

माथेरानला हा प्रश्नच येत नाही कारण गाडी दस्तुरीला, म्हणजे गावाबाहेरच्या पार्किंगला, अडते. मग पुढे दोन-अडीच किलोमीटर चाला, घोडा घ्या नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेची शटल पकडा. ई-रिक्षा पण आल्यात, पण रांग लावायची तयारी ठेवा. हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, आणि ते आधीच व्हायला हवं होतं, माणसाने माणूस ओढायचा हे बघून मला तरी कधी बसवलं नाही. जुन्या हॉटेलांचं गेट, लाल मातीची वाट, चार पायऱ्या आणि व्हरांडा, एवढंच. पोर्च नाही कारण पोर्चात यायला काही नव्हतंच. सकाळी झोपमोड झाली ती कौलावर धावणाऱ्या माकडांनी आणि कोणीतरी घोडा घेऊन गेटवरून गेला त्याच्या टापांनी. माकडांचं मात्र गंमत म्हणून घेऊ नका, एकाने टेबलावरची खारी उचलून माझ्याकडे बघत बघत खाल्ली, जागचं हलायलाही तयार नाही.

बाकी तक्रारी भरपूर आहेत. दस्तुरीला उतरल्यावर "दादा, घोडा घ्या, चढ आहे, वहिनींना नाही जमणार" हे निदान दहा जण म्हणणार, रेट बोर्डावर असतो तो आधी वाचा मग बोला. उन्हाळ्यात लाल धूळ नाकात आणि मोज्यात, पावसाळ्यात घोड्याची लीद आणि चिखल एकत्र, पांढरे बूट घरी ठेवा. गरम पाणी ठरलेल्या वेळेतच, आणि जेवणही बऱ्याच ठिकाणी पॅकेजमध्ये धरलेलं आणि घड्याळाप्रमाणे, साडेनऊला भूक लागली तर बाजारात जा. थंडी महाबळेश्वरला जास्त, उंची तेराशे-साडेतेराशे मीटर, माथेरान आठशेच्या आसपास, त्यामुळे मे महिन्यात दुपारी माथेरानला पंखा लागतोच. खोलीचं भाडं दोन्हीकडे वीकेंडला चढतं, माथेरान ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ गाठता येतं म्हणून एकंदरीत स्वस्त पडतं, आणि ड्रायव्हिंग करून अडीचशेच्या वर किलोमीटर आणि पसरणीचा जाम हे वाचतं ते वेगळंच.

ज्यांना घोडागाडीतच बसायचंय त्यांनी पाचगणीला टेबललँडवर चौकशी करावी, मुलं खूश होतात, पण सजवलेल्या गाडीतून पठारावर एक गोल मारणं म्हणजे लग्नातल्या वरातीसारखं, प्रवास असा तो वाटत नाही. माथेरानचा घोडा अजून कामाचा आहे, सिलेंडर, भाजी, पाहुणे सगळं त्याच्यावर जातं. दस्तुरीच्या पुढे एका घोडेवाल्याने वाटेत थांबून तंगाचा, म्हणजे खोगीर बांधायचा, पट्टा एक भोक ढिला केला, घोड्याच्या पोटाखाली हात फिरवून घाम बघितला आणि मला म्हणाला, दादा, हा चढ तुम्ही उतरून चाला, तो आज सकाळपासून तिसऱ्यांदा येतोय. उतरलो. वाठारच्या टांग्यातल्या उतारूंनाही चढावर असंच कोणीतरी उतरवलं असणार.

तर आईवडील सोबत असतील, गुडघ्यांचा त्रास असेल, थंडी हवी असेल, तर महाबळेश्वरच बरं, उगाच माथेरानच्या वाटेवर त्यांचे हाल नकोत. नाहीतर मी माथेरानच्या बाजूने आहे, तुमचं वेगळं असू शकतं. महाबळेश्वर ठरलंच तर बुकिंगच्या वेळी फोनवर स्पष्ट सांगा की पोर्चासमोरची खोली नको, मागच्या बाजूची द्या, दरीचा व्ह्यू नसला तरी चालेल. वेबसाइटवरून बुक केलंत तर ते पोर्चासमोरचीच देतात, कारण फोटो त्या व्हरांड्याचा असतो.