वडिलांचं चित्र: समोर बसवून की फोटोवरून?

वडील हयात आहेत, तासभर खुर्चीत बसू शकतात आणि चित्रकार सोलापुरातलाच आहे, तर त्यांना समोर बसवूनच चित्र काढून घ्या. फोटोवरून काढणं बिनकटकटीचं आहे, मान्य. तरी दोन्हींत पदरात काय पडतं ते बघून ठरवा.

सगळी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला बऱ्याचदा कमी ऐकू येतं. समोरचा बोलू लागला की तो मान किंचित वळवतो, बरा कान पुढे करतो आणि नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर ठेवतो. घरच्यांना ही मान इतकी सवयीची की ती दिसतच नाही. स्टुडिओत 'काका, सरळ बघा' म्हटलं की ती सरळ होते आणि उरतो आधार कार्डावरचा माणूस. समोर बसवलं तरी पहिली पंधरा-वीस मिनिटं तोच फोटोचा चेहरा असतो. मग गप्पा रंगतात, खांदे सैलावतात, मान आपल्या जागी जाते. चांगला चित्रकार तेवढ्याचीच वाट बघत असतो.

त्रासही आहे. दोन-तीन बैठका लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी सात ते नऊच बसवा. खिडकी उत्तरेची असली तर उजेड फारसा हलत नाही. वीसेक मिनिटांनी पाय मोकळे करू द्या. शिवाय चित्रकाराला दिसलेले वडील तुम्हाला पटतीलच असं नाही. ग्रॅहम सदरलँड यांनी १९५४ साली काढलेलं चर्चिल यांचं चित्र खुद्द चर्चिलना इतकं खुपलं की पुढे ते घरच्यांनीच नष्ट करवलं!

वडील गेले असतील तर फोटोच, आणि त्यात कमीपणा काही नाही. राजा रविवर्माही फोटोंचा आधार घेत. फक्त एकच फोटो देऊन मोकळे होऊ नका. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व दोन आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. तुम्हाला कामावरचे वडील हवेत की सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेत नातवंडांना फिरवणारे, हे आधी ठरवा आणि तसे चार-पाच फोटो शोधून द्या. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेला नको, त्यात नाक फुगतं आणि कान मागे जातात. फिल्टर लावलेला तर नकोच. चौकातल्या डिजिटल फलकांवर सगळं सोलापूर दोन छटा गोरं झालंय, घरात तरी वडिलांचा रंग वडिलांचाच राहू द्या.

मधला मार्गही आहे: चेहरा समोर बसवून, टोपी, सदरा आणि हात फोटोवरून. वयस्कर माणसाला हेच सोसतं.

चित्रकार निवडताना त्याच्या जुन्या चित्रांतले डोळे बघा. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात. आपण माणसाचं नाक-डोळे-तोंडच बघतो, कपाळ आणि टाळू जमेला धरत नाही, म्हणून कच्चा हात डोळे वर सरकवतो. ज्याला ही सवय मोडता आली, तो तुमच्या वडिलांकडेही नीट बघेल.

अर्धवट चित्र मात्र घरभर दाखवू नका. आई म्हणेल, 'एवढे कडक कुठेत ते?' थोरला म्हणेल, 'याहून कडक आहेत.' दोघांनाही दाखवायचं ते शेवटच्या बैठकीच्या आधी, एकदाच. आणि काय बदलायचं ते चित्रकाराला एकानेच सांगायचं.