अजिंठ्याच्या पायथ्याचा दगडांचा बाजार: पहिल्यांदा जाणार असाल तर

फर्दापूरच्या टी-जंक्शनला गाडी लावायची आणि तिथून बसने चार किलोमीटर आत लेण्यांकडे जायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वाटेतली दगडांची दुकानं मात्र लोक जाताना घाईत ओलांडतात आणि परतताना दमलेल्या डोळ्यांनी एखादा गुलाबी चमकता तुकडा घेऊन मोकळे होतात. इथे घेण्यासारखा माल भरपूर आहे. फसण्यासारखाही आहे, आणि बऱ्याचदा तो त्याच फळीवर शेजारी ठेवलेला असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. आपल्या काळ्या दगडात तयार होणाऱ्या खनिजांसाठी, म्हणजे स्टिल्बाइट, अपोफिलाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ओकेनाइट, कॅल्साइट यांच्यासाठी हा बाजार चांगला. पैलू पाडलेले खडे, राशीरत्नं आणि ‘स्फटिकाच्या’ माळा यांच्यासाठी नाही.

मराठवाड्यात विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या काड्या, खडीसाखरेसारखे खडे निघतात. गावात त्याला सरसकट ‘गार’ म्हणतात आणि डबराबरोबर टाकून देतात. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातली सिलिका, कॅल्शियम, अॅल्युमिनियम भिंतींवर खड्यांच्या रूपात बसत गेली. टी-जंक्शनवर विकला जाणारा चांगला माल म्हणजे या पोकळ्यांचे फोडलेले तुकडे. दगडांचा व्यापार इथे नवा नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदीत पैठणहून भडोचच्या बंदराला गाड्यांतून जाणाऱ्या अकीक (अगेट) वर्गातल्या दगडांचा उल्लेख आहे.

जाताना चार वस्तू सोबत ठेवा: दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि टिश्यू पेपरचा एक गुंडाळा. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा. भिंग दगडावर टेकवून लांबून बघितलं तर काही दिसत नाही. काचेच्या कपाटातल्या एलईडीखाली दगड पसंत करू नका. तो उजेड मुद्दाम लावलेला असतो, त्यात फिका रंग गडद आणि मळकट खडा पाणीदार दिसतो. दगड बाहेर उन्हात न्या. दुकानदार नेऊ देत नसेल तर पुढच्या दुकानात चला, दुकानांना तोटा नाही.

आता मुख्य गोष्ट. दगड हातात आला की समोरून बघू नका, आधी उलटा करा.

पाठीमागे काळा-करडा बसाल्ट, म्हणजे आपला काळा दगडच, दिसला पाहिजे, किंवा पोकळीच्या भिंतीचा हिरवट पापुद्रा. तो ओबडधोबड, ताजा फुटलेला असेल तर उत्तम. पाठ सिमेंटसारखी गुळगुळीत असेल, काळा रंग फासलेला असेल किंवा वाळू चिकटवलेली असेल, तर तो तुकडा जोडलेला आहे. मग खडा जिथे दगडातून वर येतो ती रेघ भिंगातून बघा. नैसर्गिक खडा भिंतीतूनच उगवलेला असतो. त्याच्या बुडाशी बारीक खड्यांची दाटी असते आणि शेजारचे खडे एकमेकांत घुसलेले असतात. चिकटवलेल्या खड्याभोवती चकचकीत कडं दिसतं, कधी त्यात हवेचा बुडबुडा सापडतो, कधी डिंकावर बसलेली धूळ. टॉर्चच्या जांभळ्या उजेडात बरेच डिंक निळसर-पांढरे चमकतात. कॅल्साइटसुद्धा कधीकधी चमकतं, म्हणून नुसती चमक दिसल्यावर ओरडू नका. चमक सांध्याच्या रेघेवरच आहे का, ते बघा.

हा खेळ सगळ्यात जास्त चालतो कॅव्हन्साइटवर. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला गर्द निळा, मोरपिशी गोळा. तो प्रामुख्याने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आला. दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे सुटे निळे गोळे कुठल्याही पांढऱ्या तुकड्यावर चिकटवण्याचा मोह होतो. खऱ्या नगात निळ्या गोळ्याचं बूड स्टिल्बाइटच्या खड्यांत थोडं बुडालेलं असतं. पांढऱ्या खड्याच्या टोकावर निळा गोळा माशीसारखा बसलेला दिसला तर शंका घ्या.

नावं विचारलीत तर विक्रेता बहुतेक वेळा ‘क्रिस्टल’ म्हणेल. पण ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही, नख पुरतं. स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या अंगावर आडव्या बारीक रेघा असतात. अपोफिलाइट चौकोनी खांबासारखा, रेघा उभ्या, आणि माथा सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी झळाळी. नख उभं-आडवं फिरवलं की फरक बोटाला कळतो. स्टिल्बाइट गव्हाच्या पेंढीसारखा, मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला, पांढरा किंवा फिकट केशरी. स्कोलेसाइट म्हणजे सुयांचा पंखा. त्यावरून बोट फिरवू नका, सुया तुटतात आणि तुमच्या बोटात राहतात. कॅल्साइट खिळ्याने सहज ओरखडतो, स्फटिक ओरखडत नाही. ही परीक्षा मात्र पैसे दिल्यावर, घरी.

ओकेनाइटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्यांदा येणारा हमखास त्याच्यापाशी थबकतो. फुटलेल्या पोकळीत पांढरेशुभ्र मऊ गोळे, अगदी बोंडातून उमललेल्या कापसासारखे. हात लावायचा मोह आवरा. ते केसाइतके बारीक खडे आहेत. बोट लागलं की दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून तिरप्या उजेडात दगड फिरवून बघा: गोळ्यांवर चपटे, चिकटलेले डाग असतील तर तो नग आधीच दहा हातांतून गेलाय. गोळे सगळ्या बाजूंनी फुललेले हवेत. आणि ओकेनाइट गुलाबी, निळा किंवा पोपटी असेल तर तो रंगवलेला आहे. त्यात ‘शायद’ काही नाही.

रंगाचंच बोलायचं तर अकीकच्या भडक गुलाबी आणि निळ्या चकत्याही रंगवलेल्याच. अकीकचं कटाई-काम प्रामुख्याने गुजरातेत खंबातला होतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसून रंग जातो का बघा, असा सल्ला सगळे देतात. अकीकच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही, कारण रंग दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेला असतो. त्यापेक्षा भेगा बघा. भेगेत रंग गडद साचला असेल आणि काही पट्टे पांढरेच राहिले असतील तर कारभार उघड आहे. तपकिरी, करडा, दुधी, मंद लालसर हे रंग नैसर्गिक असू शकतात. लालही भट्टीत तापवून वाढवतात, पण ती पद्धत फार जुनी आहे आणि तिला कोणी नावं ठेवत नाही.

चमचमणारा तपकिरी ‘गोल्डस्टोन’ म्हणजे तांब्याचे कण असलेली काच. दुधी-निळा ‘ओपलाइट’ म्हणजेही काच. आतून जमुनियाच्या (अॅमेथिस्टच्या) खड्यांनी भरलेली पुरुषभर उंचीची जांभळी गुहा दिसली तर ती ब्राझील किंवा उरुग्वेची असण्याची शक्यता मोठी. वस्तू खरीच असते, फक्त अजिंठ्याची आठवण म्हणून घेऊ नका. स्फटिकाच्या माळेचा मणी भिंगातून बघा, आत गोल बुडबुडे असतील तर काच. वजनावरून ओळखता येतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, साधी काच आणि स्फटिक यांच्या घनतेत हाताला कळेल असा फरक नसतो.

राशीरत्नांसाठी एकच वाक्य: प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर इथे पुखराज, माणिक, नीलम यांच्याकडे बघूही नका.

भावाचा विषय निघाला की इथला फिरता विक्रेता ‘देखने का कुछ पैसा नै, साब’ म्हणत दगड तुमच्या तळहातावर ठेवतो. एकदा हातात आला की तो परत घ्यायला त्याला वेळ लागतो, म्हणून घ्यायचा नसेल तर हात खिशात. सांगितलेला आणि सुटणारा भाव यांत अंतर मोठं असतं, घासाघीस अपेक्षितच आहे. सकाळी भवानीच्या वेळी भाव लवकर तुटतो. पण भवानीला भाव पाडून घ्यायचा आणि रिकाम्या हाताने निघायचं, हे बरं नाही आणि दुसऱ्या दिवशी लक्षातही राहतं. लेणी सोमवारी बंद असतात, तो दिवस टाळा. वेरूळला जाणार असाल तर तिथली सुट्टी मंगळवारची. वेरूळला दुकानं आहेत, पण निवड टी-जंक्शनइतकी नाही. वाट वाकडी करून जाण्यासारखं काही नाही.

किंमत ठरते ती आकारावर नाही. टोकं शाबूत आहेत का, खडे पाणीदार आहेत का आणि दोन रंगांची जोडी उठून दिसते का, यावर. मुठीएवढा धड नग परातभर तुटक्या दगडांपेक्षा भारी. समोरचंच एखादं टोक उडालं असेल तर ते दाखवून भाव निम्म्यावर आणायला हरकत नाही. आणि एक प्रश्न विचाराच: कुठल्या गावचा? इथल्या दुकानांत जळगावकडचा मालही मोठ्या प्रमाणात येतो, तरी सगळं ‘अजंठा का पत्थर’ म्हणून खपवलं जातं. उत्तर मिळालं तर जागेवरच चिठ्ठीवर खनिज, गाव, तारीख लिहून दगडासोबत ठेवा. संग्राहकाच्या लेखी गावाचं नाव नसलेला दगड निम्म्या किमतीचा. दरवर्षी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टक्सन शहरात भरणाऱ्या खनिजांच्या मोठ्या मेळ्यात महाराष्ट्राचे हेच दगड मांडलेले असतात. तिथेही पहिल्यांदा चिठ्ठीच वाचली जाते.

लेण्यांच्या आवारातून किंवा वाघूर नदीच्या पात्रातून स्वतः दगड उचलायचा विचार मनात आणू नका. संरक्षित स्मारक आहे.

बांधणीत इथले दुकानदार कच्चे. वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरीबॅगेत टाकतात, आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या शंभर किलोमीटरात टोकं एकमेकांवर घासून निम्मा दगड पिशवीच्या तळाशी भुगा होतो. छोटे नग अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खणात टिश्यू घालून बसवा, वर दुसरा ट्रे उलटा ठेवून सुतळीने बांधा. स्कोलेसाइट आणि ओकेनाइटला कागद लागताच कामा नये. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला एम-सील किंवा कणकेचा गोळा ठेवून दगडाचं बूड त्यात घट्ट बसवा, खडे झाकणापासून दोन बोटं खाली राहतील असं बघा. एसटीत मागच्या बाकाखाली ठेवू नका, मांडीवर घ्या.

घरी आल्यावर स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्फटिक साध्या पाण्यात मऊ दातघासणीने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं. झिओलाइटच्या अंगात पाणी असतं, तापलं की ते उडतं आणि खडा पांढुरका, मंद होतो. अपोफिलाइट तर तापवला की पापुद्रे सोडतो. जमुनियाचा जांभळा रंग उन्हाने फिका पडतो. फरशी धुवायचं अॅसिड चुकूनही वापरू नका: कॅल्साइट फसफसून विरघळतं आणि झिओलाइटच्या खड्यांची चमक कायमची जाते. ओकेनाइटला पाणीसुद्धा नाही, त्याचे कापसासारखे गोळे ओले झाले की चिकटतात. त्याच्यावरची धूळ लांबून हलकी फुंकर मारून घालवायची, आणि काचेच्या झाकणाखाली ठेवायचा.