‘पाणी संध्याकाळी आलं’ म्हणणारा पूरग्रस्त

परवा मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत आला. महाडजवळच्या तळियेच्या दरडीत आपलं घर गेलं असं सांगून एक माणूस डोळे पुसतोय आणि मग हसून म्हणतोय, ‘आज मी गोळीशिवाय झोपतो.’ डाव्या भुवईवर व्रण. हाच माणूस गेल्या डिसेंबरात ‘गोळीविना’ बरं करणाऱ्या एका शिबिरात माझ्यापासून चार हातांवर बसून चिपळूणचा पूरग्रस्त म्हणून रडला होता. सहा महिन्यांत चिपळूणचा महाडचा झाला. पाऊस तोंडावर आलाय, आमच्यासारख्यांची झोप उडायचे हेच दिवस, आणि या शिबिरवाल्यांचं दुकान नेमकं आता उघडतं. म्हणून लाज गिळून लिहितोय.

माझे गेले ८६,३९९ रुपये. फी, पावडर, मशिन सगळं धरून. पुरानंतर सरकारने दुकानाच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त ५०,००० धरले होते, त्यावरून काय तो अंदाज करा.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला पहाटे माल वर चढवायला म्हणून गेलो आणि आत अडकलो. वाशिष्ठी आणि शिवनदी एक झाली होती. दुपारी पोटमाळ्याच्या फळ्यांना खालून पाणी लागत होतं, ठक ठक. दुसऱ्या दिवशी उतरलो. सगळे म्हणाले वाचलास, नशीबवान. मीही तेच म्हणत होतो. पुढच्या जूनमध्ये पत्र्यावर पहिली सर वाजली आणि मी भर गिऱ्हाइकात गल्ल्यामागे खाली बसलो. छाती धडधडतेय, हात गार. मग दर पावसाळ्यात तेच. ओल्या चिखलाचा वास आला तरी पोटात गोळा.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या आघातानंतर भीती मनात घर करून राहते तो आजार, लाजायचं कारण नाही. सर्ट्रालिन ही गोळी, ५० मिलिग्रॅम, सुरू केली. फरक पडला. हे मी मुद्दाम लिहितोय, फरक पडला होता. पण दोन वर्षं मानसिक गोळी घेतोय हे बाजारात कळलं की काय होतं ते आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ‘याला रत्नागिरीला न्या’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, याचा अर्थ इथे शाळेतल्या पोरालाही कळतो. त्यामुळे ‘गोळीविना, शरीरातून मनाकडे’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मी ९९ रुपये भरून वेबिनार ऐकला. मूर्ख म्हणा, पण त्या जागी दोन वर्षं बसून बघा आणि मग म्हणा.

वेबिनार घेणारा माणूस बोलायला हुशार. सगळे त्याला ‘सर’ म्हणत, डॉक्टर तो स्वतःला कधीच म्हणाला नाही. ही खुबी मला नंतर पोलीस ठाण्यात कळली. सांगायचा ते बरंचसं खरं असायचं, तिथेच घात झाला. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हा आजार आला, खरं. फ्रान्सिन शापिरो या बाईंनी १९८७ मध्ये डोळ्यांच्या हालचालींवरची उपचारपद्धत शोधली, ईएमडीआर म्हणतात, तेही खरं. व्हेगस नावाची दहावी मज्जातंतू मेंदूतून थेट पोटापर्यंत जाते, सावकाश श्वास सोडला की ठोके उतरतात, हेही खरं. दहा खरी नाणी वाजवून दाखवायची आणि अकरावं खोटं हातावर ठेवायचं. मी गल्ल्यावर बसणारा माणूस, पाचशेची नोट उजेडात धरून बघतो. इथे नाही बघितली.

नोंदणी १,१००. मग गुहागरच्या पुढे समुद्राकाठच्या एका बंगल्यात पाच दिवसांचं शिबिर, ८ ते १२ डिसेंबर, २४,५००. आम्ही १७ जण होतो. सकाळी वाळूवर श्वास, मग अंग थरथरवायचं. हरिण वाघाच्या तावडीतून सुटलं की अंग झाडतं, माणूस झाडत नाही म्हणून भीती स्नायूंत अडकते, असं ते सांगायचे. ही मुळात अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांची मांडणी. सरांनी मात्र ती आपल्याला सुचल्यासारखी सांगितली. संध्याकाळी ईएमडीआर म्हणून भिंतीवर लाल लेझरचा ठिपका फिरवायचा आणि सतरा जणांनी डोळे फिरवायचे. नंतर माझे डॉक्टर हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. त्या पद्धतीचे आठ टप्पे असतात, आधी माणसाचा सगळा इतिहास घेतात, तो आठवण झेलू शकेल का हे बघतात आणि मगच हात घालतात. ठिपका तर आमच्या शेजारच्या मांजराशीही खेळतात.

आता तो तिसरा दिवस. हा मी रोज रात्री पुन्हा जगतो, पुरापेक्षा जास्त.

सकाळच्या सत्रात सरांनी शिकवलं की आघात झालेल्याची आठवण तुटक असते. क्रम लागत नाही, वेळ चुकते, आणि म्हणून अशा माणसाला उलटे प्रश्न विचारायचे नाहीत, तो पुन्हा दुखावतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी तो भुवईवाला उठला. मागच्या बॅचचा, बरा झालेला, खास आम्हाला भेटायला आलेला. म्हणाला, ‘मी चिपळूणचा. २२ जुलैला संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालो आणि पाणी आलं.’

संध्याकाळी!

अहो, चिपळुणात तीन वर्षांच्या पोराला विचारा. पाणी पहाटे भरायला लागलं. संध्याकाळी कोण दुकान बंद करणार होता, दुकानंच दिसत नव्हती. डेपोतली माणसं रोकड सांभाळत एसटीच्या टपावर बसली होती. माझ्या पोटात चर्र झालं. कुठली आळी, विचारावंसं वाटलं. पेठमापचा की मार्कंडीचा एवढा एकच प्रश्न, गाववाल्याला आपण पहिला तोच विचारतो. तोंड उघडलंसुद्धा. आणि सकाळचा धडा आठवला, बिचाऱ्याची आठवण तुटली असेल, उलटं विचारायचं नाही. मी तोंड मिटलं. वर उठून त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता.

म्हणजे बघा, दुपारी पकडला जाऊ नये म्हणून सकाळी आम्हाला तयार केलं होतं. कुणी आजार शिकवता शिकवता प्रश्न विचारायला मनाई केली तर तिथल्या तिथे चप्पल घाला आणि निघा.

त्याच रात्री मी ‘खोल टप्प्या’चे ३६,००० यूपीआयने पाठवले. पावती मिळाली ‘सहयोग निधी’ अशी. जीएसटी नंबर नाही, सही म्हणजे नुसती रेघ. दहा रुपयांच्या होल्डरचं बिल मागितल्यावर देणारा मी, छत्तीस हजारांचा तो कागद देवाचा अंगारा असल्यासारखा खिशात ठेवून आलो.

जानेवारीतल्या खोल टप्प्यात गोळी बंद करायला लावली. लेखी नाही, लेखी कधीच काही नाही. ‘दादा, शरीर बोलायला लागलंय, त्याचं तोंड गोळीने का दाबता?’ मी एका दिवसात थांबवली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मळमळ, चक्कर, पोरांवर ओरडणं. फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे, पावडर वाढवा. पावडर ६,२००. एका रात्री तीन वाजता आमच्या हिला मी जिन्यावर सापडलो, गल्ल्याची पेटी मांडीवर घेऊन. जानेवारीत. बाहेर कोरडं ठणठणीत. ‘अहो, पाऊस नाहीये,’ एवढंच ती म्हणत राहिली. अशी गोळी अचानक सोडली की नेमकं हेच होतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात. हे मला आधी माहीत असायला हवं होतं का? कुणास ठाऊक. पण गोळी सोडा म्हणणारा गोळी देणाऱ्याशी एकदा तरी बोलला का, हे तरी विचारायला हवं होतं.

मशिनचं सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते. १८,५०० रुपये. कानाला चिमटा लावायचा, व्हेगस जागी होते. व्हेगसची एक फांदी कानापर्यंत येते आणि त्यावर परदेशात खरंच संशोधन चालू आहे, डॉक्टर म्हणाले. पण त्या डबीशी त्याचा काय संबंध? फेब्रुवारीत मी स्वतःच्या स्क्रू ड्रायव्हरने ती उघडली. नऊ व्होल्टची बॅटरी, एक टायमर, एक फिरवायचं बटण, दोन वायरी, त्यातली एक कच्ची डाग दिलेली. मी असलं काही सातशे रुपयांना विकलं तरी गिऱ्हाईक भांडेल. इलेक्ट्रिकलच्या दुकानदाराला इलेक्ट्रिकची डबी विकली. आणि महिनाभर मी ती उघडली नाही, कारण ‘उघडल्यास ऊर्जा जाते’ असं सांगितलं होतं. पंचवीस वर्षं धंद्यात आहे मी.

आता तक्रारीचं ऐका. आमच्या गावातलं ठाणं म्हणालं, घडलं गुहागरकडे, तिकडे जा. तिकडचं म्हणालं, पैसे गेले तुमच्या गावातून, खातं पुण्याचं, आमच्याकडे काय? प्रत्यक्षात नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मला चौथ्या खेपेला एका वकिलाने सांगितलं. मी ते ठाण्यात बोललो तर साहेब हसले, ‘आता तुम्ही कायदा शिकवा.’ मग सुरू. तुम्ही स्वतःहून दिलेत ना? तो डॉक्टर आहे म्हणाला का? नाही? मग बोगस डॉक्टर कसा? शिकलेसवरलेले दुकानदार तुम्ही. मागे बाकावर माझ्याच आळीतला एकजण बसलेला, पासपोर्टच्या कामाला आलेला. दुसऱ्या दिवशी बाजारभर.

आरोग्यवाल्यांकडे गेलो. औषध देतो का? पावडर देतो. मग अन्न-औषधवाल्यांकडे जा. तिथे पाकीट दाखवलं तर म्हणे यावर काहीच छापलेलं नाही, मग हे अन्न धरायचं की औषध? अरे, काहीच छापलेलं नाही हीच तर तक्रार आहे! तीन टेबलं, दोन चहा, एक पोच. पोचही मागून घेतली. सहा खेपा झाल्या, सहा दिवस दुकानाला कुलूप, ते ८६,३९९ मध्ये धरलेले नाहीत. आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. पूर, पोटमाळा, गल्ल्यामागे बसणं, सगळं. समोरचा मोबाइल बघतोय. ज्या गोष्टीने आजारी पडलो ती सहा वेळा उभ्या उभ्या सांगायला लावली, हा कसला उपचार म्हणायचा?

एक चूक माझी. यूपीआयने पैसे गेले की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन करायचा, मी दोन महिन्यांनी केला, तोवर खात्यात काय राहणार. लगेच करा, लाज नंतर वाटू द्या. ग्राहक आयोगात मात्र प्रकरण दाखल करतोय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, ऑनलाइनही होतं. सहयोग निधी लिहिलेली पावतीसुद्धा जपून ठेवा, मेसेज पुसू नका.

श्वासाला शिव्या देणार नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, सोडताना लांब सोडा, रोज करा, गोळीच्या बरोबर करा. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योग प्रयोगशाळेत तपासायला घेतला, त्याला कुणी लपवाछपवी सांगितली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञाकडे वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पुनर्वास परिषदेचा. मागा. चिडला तर उठा. रात्री कुणी नसेल तर १४४१६ ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा फुकट आहे, मराठीत बोलतात. मी मार्चमध्ये दोनदा बोललो, पलीकडच्या बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

त्या सतरांपैकी आठ जणांना मी फोन केला. पाच जणांनी उचलला नाही, दोघांनी ओळख दाखवली नाही, एकाने उलट मलाच ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ म्हणून सुनावलं. खेडच्या त्या शिक्षिका ताई, ज्यांनी जेवताना शेजारी बसून मला हळूच विचारलं होतं, ‘भाऊ, तुमच्याकडे पाणी संध्याकाळी आलं होतं का?’ आणि मी ‘असेल कदाचित’ म्हणालो होतो, त्या हे वाचत असतील तर त्यांनी एकदा दुकानावर यावं. आयोगाकडे दुसरी तक्रार जोडता येते. कागद मी तयार ठेवलेत, फक्त तुमची पावती हवी आहे.