कोरियन इतिहास: हार्वर्ड की सिअ‍ॅटल?

अमेरिकेत कोरियाचा इतिहास वाढला कसा हे बघायचं तर दोन नावं समोरासमोर ठेवावी लागतात, हार्वर्डचा एडवर्ड वॅग्नर आणि सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतला जेम्स पॅले.

वॅग्नरचं काम म्हणजे चिकाटीचा कळस. जोसन काळातली (कोरियातल्या 1392 ते 1910 च्या राजवटीतली) मुनग्वा नावाची, सरकारी अधिकारी निवडायची परीक्षा, ती पास झालेले साडेचौदा हजारांच्या वर लोक, आणि सोंग जुन-हो या कोरियन अभ्यासकाला सोबत घेऊन वॅग्नर एकेकाचा बाप, आजोबा, सासरा शोधत बसला, कॉम्प्युटर घराघरात यायच्या आधीपासून! त्यातून दिसलं काय तर परीक्षा म्हणायला गुणवत्तेची, पण मोजक्या घराण्यांची पोरंच पुन्हा पुन्हा वर.

पॅलेचा पिंड वेगळा, भांडखोर म्हणा हवं तर. एकेकाळी जवळपास 30 टक्के लोक गुलाम होते, मग कोरियाला गुलामांवर उभा समाज का म्हणू नये, असं थेट विचारायचा, आणि ते कोरियातल्या बऱ्याच इतिहासकारांना झोंबलं. 1996 चं त्याचं पुस्तक तर हजार पानांच्या पुढे, मी अर्ध्यातच हात टेकले.

गंमत अशी की पॅले स्वतः हार्वर्डचा पीएचडी, आणि त्याचा विद्यार्थी कार्टर एकर्ट पुढे हार्वर्डलाच शिकवायला गेला, म्हणजे भांडण लावायचं तरी कुणात?

डेटा आवडत असेल तर वॅग्नर घ्या. मला विचाराल तर पॅले, कारण त्याच्याशी वाद घालता येतो.