तीन सिलिंडरच्या गाडीतून निघाले चार पिस्टन

आधी आकडा सांगतो. 38,200 रुपये, गॅरेजच्या मिस्त्रीने माझ्याकडून घेतलेले. 15,000 रोख, 23,200 मोबाइलवरून. खरी दुरुस्ती निघाली 1,300 रुपयांची. पक्कं बिल नाही, वहीच्या फाडलेल्या पानावर कच्ची चिठ्ठी.

गाडी छोटी, पेट्रोल, तीन सिलिंडरची. मांजरसुंब्याचा घाट चढून धाब्यावर थांबलं की जळक्या ऑइलचा वास. पळत्या गाडीत नाही, थांबल्यावर. एसी बाहेरची हवा घेत असेल तर आत नाक धरावं लागे. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की कमी. एवढ्या लक्षणांवरच ओळखायला हवं होतं की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल पाझरून तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडतंय. मला गाडीतलं कळतं, आणि तरी फसलो. लाज त्याचीच जास्त आहे.

मिस्त्रीने चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढलं. वाफ आली. "बघा साहेब, इंजिन बॅक मारतंय, पिस्टनच्या बाजूने गॅस खाली येतोय. पिस्टनच्या रिंगा गेल्या." अहो, थोडी वाफ धडधाकट इंजिनातूनही येते! भकाभका धूर मारत झाकण थडथडायला लागलं तर संशय घ्या. रिंगा गेल्या असत्या तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून निळा धूर निघाला असता. व्हॉल्व्ह सील गेले असते तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला निघाला असता. इथे दोन्ही नव्हतं. प्लग काढून बघितला असता तर कोरडा, विटकरी दिसला असता. आत ऑइल जळत असेल तर प्लग काळा, चिकट होतो. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावायला अर्धा तास पुरतो. गेज न लावता जो इंजिन उघडायला सांगतो त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

मी घेतली नाही. मे महिना, 43 अंश, घरात लग्न, गाडी हवीच होती.

चिठ्ठी अशी: रिंग सेट 3,200, बेअरिंग 2,800, हेड गॅस्केट 1,650, व्हॉल्व्ह सील 900, ऑइल-फिल्टर 1,750, कूलंट 600, लेथवाला 4,500, मजुरी 11,000. झाले 26,400. दोन दिवसांनी फोन: पिस्टनच गेलेत, 7,500; ऑइल पंपही, 4,300. ऑइल चिठ्ठीवर साडेचार लिटर. या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटर पुष्कळ झालं. गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, ते गॅरेजला जाण्याआधी उघडा, पैसे दिल्यावर नाही.

आणि आता तो क्षण. गाडी घेताना पोरानं पोतं पुढं केलं, "हे तुमचे जुने पार्ट." मी तोंड उघडून पाहिलंसुद्धा. काळे, ऑइलने माखलेले पिस्टन. मोजले नाहीत. घरी फरशीवर ओतले तेव्हा चार निघाले. तीन सिलिंडरच्या इंजिनातून चार! पोत्यात हात घालून मोजायला कितीसा वेळ लागला असता?

चौथ्या दिवशी वास परत. दुसऱ्या मिस्त्रीने गाडीखाली टॉर्च मारला. इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरच्या जोडावर जुना चिखल ऑइलमध्ये मुरून दगड झालेला, तसाच्या तसा. पिस्टन काढायचे तर चेंबर उतरवावंच लागतं. म्हणजे इंजिन उघडलंच नव्हतं. टॅपेट कव्हर काढलं तर पॅकिंगही जुनंच, वरून सिलिकॉन थापलेलं. उष्णतेने रबर इतकं कडक झालेलं की बोटांत धरून वाकवलं तर बांगडीसारखं टिचकलं.

त्याने लावलेलं पॅकिंग 420, पीसीव्ही व्हॉल्व्ह 380, मजुरी 500. पीसीव्ही बघितल्याशिवाय पॅकिंग बदलू नका. इंजिनाच्या पोटातली वाफ तो इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे, सोडतो. तो चिकटला की आत दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही पाझरायला लागतं. काढून हलवा, खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. आमचा मुका होता. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात त्या कोपऱ्यांवर, थेंबभर. जास्त लावलं तर तुकडे आत पडून ऑइलची जाळी तुंबते. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळा, दोन-तीन फेऱ्यांत, मनगटाच्या जोराने. दंडाचा जोर लावाल तर कव्हर वाकेल. शेवटी मॅनिफोल्डवर सांडलेलं ऑइल पुसा, नाहीतर दोन दिवस वास येत राहतो आणि मिस्त्रीला उगाच शिव्या बसतात. पाझर मात्र अंगावर काढू नका, तापल्या मॅनिफोल्डवर ऑइल पेटू शकतं.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात तासभर बसवून सांगितलं, "हा दिवाणी मामला." अहो, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्या गाडीचे पिस्टन दाखवले, यात दिवाणी काय आहे? परिवहन कार्यालयात उत्तर मिळालं, "गॅरेज आमच्याकडे येत नाही." ग्राहक हेल्पलाइनने तक्रारीचा नंबर दिला, अकरा दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. कोणी निकाली काढली, कशी काढली, कुणालाच माहीत नाही. ग्राहक आयोगातला कारकून म्हणतो वकील आणा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वकिलाची सक्ती नाही, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे मी त्याला ऐकवलं तर म्हणतो, "मग तुम्हीच करा." करतोय. मोबाइलवरच्या 23,200 चा पुरावा आहे. रोख 15,000 चा नाही, म्हणून रोख देऊ नका.

काम सुरू होण्याआधी मॅनिफोल्ड, चेंबरचा जोड, डिपस्टिकची पातळी यांचे फोटो काढा. माझ्याकडे तेवढे नाहीत. पोतं मात्र डिकीत आहे. तारीख लागली की चारही पिस्टन टेबलावर मांडणार आणि विचारणार, हे कुणाच्या गाडीचे?