सांगलीच्या पेठेतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान

सांगलीत टीव्ही दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, रेडिओला हात लावणारे मात्र फार थोडे उरलेत. गणपती पेठेच्या बाजूचं हे छोटं दुकान दोन्ही कामं करतं. त्याचं नाव सुचवण्याचं मुख्य कारण म्हणजे इथे आधी फॉल्ट सांगतात, मग पैसे. सेट उघडून मीटर लावल्याशिवाय कारागीर आकडा बोलत नाहीत, आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून परत देतात.

सध्या सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘आवाज येतो, चित्र नाही’. खोली अंधारी करून स्क्रीनवर जवळून तिरका टॉर्च मारा. चित्र पुसट हलताना दिसलं, तर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, शाबूत आहे आणि तिच्यामागे उजेड देणारी बॅकलाइट गेली आहे. दुकानात जायच्या आधी घरीच हे बघावं, कारण अशाच सेटला ‘पॅनल गेलं, नवीन घ्या’ म्हणणारेही भेटतात.

बॅकलाइटच्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक आतून तुटला की सगळी ओळ विझते. स्वस्तात काम करणारे तेवढाच एक एलईडी बदलतात. बाकीचे तेवढेच तापून थकलेले असतात, त्यामुळे काही आठवड्यांत दुसरा जातो आणि पॅनल पुन्हा उघडावं लागतं. खरा धोका त्या उघडण्यात आहे. पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ रिबनीला जरा ताण बसला की उभ्या रेघा येतात, आणि ते काम या दुकानात काय, गावात कुठेच नीट होत नाही. इथे व्हॅक्यूमचे कप लावून दोघं मिळून पॅनल उचलतात, मागचे पांढरे कागद ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाले तसेच ठेवतात आणि सगळ्या पट्ट्या एकदमच बदलतात. तीन व्होल्टचा एलईडी आहे की सहाचा, हे टेस्टरवर बघून मगच पट्टी निवडली जाते.

यापुढचं काम फार जण करत नाहीत. बॅकलाइटला करंट देणाऱ्या सर्किटमधला सेन्सिंग रेझिस्टर, म्हणजे किती करंट जायचा ते ठरवणारा छोटा पार्ट, बदलून ते करंट साधारण २० ते २५ टक्क्यांनी उतरवतात. उजेडातला फरक घरात जेमतेम जाणवतो, पण एलईडी कमी तापतात आणि पट्टी जास्त टिकते. गिऱ्हाइकाला विचारूनच हे करतात. घरी मेनूमध्ये बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणली, तरी याच कारणासाठी फायदा होतो. शेवटी मागचं झाकण लावून सेट तीन-चार तास चालवतात. झाकण उघडं ठेवून घेतलेल्या चाचणीत तापल्यावर येणारा दोष सापडत नाही, म्हणून ही सवय मोलाची.

लाल दिवा लुकलुकतो पण सेट सुरू होत नाही, याचं कारण बऱ्याचदा पॉवर बोर्डावरचे फुगलेले कंडेन्सर असतं. काम किरकोळ आहे. फक्त १०५ डिग्रीचेच कंडेन्सर घालायला सांगा. ८५ डिग्रीचे उष्णतेजवळ लवकर वाळतात. वळवाच्या पावसात वीज कडाडली की एचडीएमआय पोर्ट जळालेले सेट येतात. प्लग काढला तरी डिशची केबल जोडलेलीच राहते आणि दणका तिथून येतो. दोन्ही काढा.

पुराचे सेट हा सांगलीचा वेगळाच विषय आहे. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला पुन्हा बाजारपेठेत शिरलं. बुडालेला टीव्ही ‘वाळलाय’ म्हणून प्लगला लावणं ही सगळ्यात महाग चूक. पाणी उडून जातं, पण आयसीच्या (बोर्डावरच्या काळ्या चिपच्या) पायांखाली गाळ राहतो, ओल धरतो आणि वीज देताच ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, खातो. इथे बोर्ड सुटा करून आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ब्रशने धुतात, पूर्ण वाळवतात आणि पहिल्यांदा सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, वीज देतात. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. पॅनलच्या थरांत पाणी गेलं असेल तर ते हात लावत नाहीत, स्पष्ट नाही म्हणतात.

रेडिओचं काम मात्र ऐकण्यासारखं असतं. बरेच जण आकाशवाणी सांगली, म्हणजे १२५१ किलोहर्ट्झ, जोरात लागली की सेट परत देतात. जवळचं केंद्र बिघडलेल्या सेटवरही लागतं, त्यावरून काही कळत नाही. इथे आधी आयएफ, म्हणजे सेटच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी, ४५५ किलोहर्ट्झवर जुळवतात, मग डायलच्या खालच्या टोकाला कॉइल आणि वरच्या टोकाला ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा कंडेन्सर) फिरवतात. एक हलवलं की दुसरं सरकतं, म्हणून हे दोन-तीनदा करावं लागतं. सांगलीबरोबर पुणे ७९२ वरही स्वच्छ लागलं तरच काम झालं असं धरतात. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, जुन्या फिलिप्स-मर्फी सेटमध्ये जुने कागदी कंडेन्सर न विचारता बदलतात, आणि ते बरोबर आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (आतल्या जाळीकडे) जाणारा कंडेन्सर गळू लागला तर व्हॉल्व्ह लाल होऊन जातो, आणि तो आता सहज मिळत नाही. डायलची दोरी घसरत असेल तर दोरीबरोबर स्प्रिंगही नवी घालतात. घरी रेडिओवर सतत खरखर येत असेल, तर दुकानात नेण्यापूर्वी मोबाइलचे चार्जर आणि एलईडी बल्ब एकेक बंद करून बघा. निम्मं दुखणं तिथेच निघतं.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत मध्ये नुसती आडवी रेघ असेल तर दोष चित्र उभं पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीत किंवा त्याच्या सुटलेल्या सोल्डरच्या डागांत असतो, ते करून मिळतं. एलओटी, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेली असेल तर पैसे घालू नका.

उणिवाही आहेत. स्मार्ट टीव्हीचं सॉफ्टवेअर इथे जमत नाही, मेन बोर्ड बाहेर पाठवतात आणि त्याला वेळ लागतो. दिलेल्या तारखेवर दोन दिवस धरून चाला; गणपतीच्या आधी तर जास्तच. घरी येत नाहीत. पट्ट्यांची हमी तोंडी सांगतात, पावतीवर लिहून मागावी लागते. मागितली की देतात.

सेट नेताना रिमोट आणि पॉवर केबल बरोबर घ्या, स्टँड घरीच काढून ठेवा. टीव्ही रिक्षात उभाच धरायचा, सीटवर आडवा टाकायचा नाही. खड्ड्यांत मधोमध दाब येऊन पॅनल तडकतं, आणि मग बॅकलाइट दुरुस्त करून काही उपयोग राहत नाही.