मँडरिन: वर्ग लावावा, शिक्षक ठेवावा, गट जमवावा की बोलायला माणूस शोधावा?

पुण्या-मुंबईत मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, शिकायचं मनात आलं की पहिला प्रश्न येतो तो 'क्लास कुठला चांगला?' त्याआधी एक हिशोब करून पाहावा. आठवड्यात आपण स्वतः किती मिनिटं बोलणार, आणि त्यातली किती मिनिटं चूक पकडणाऱ्या कानासमोर बोलणार?

समजा १५ जणांचा दीड तासाचा वर्ग आहे आणि ५० मिनिटं शिक्षकच बोलतात. उरलेल्या ४० मिनिटांत माणशी तीन मिनिटंही येत नाहीत. एकट्याची शिकवणी पाऊण तासाची असली, तरी वीस मिनिटं बोलणं सहज होतं आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. चौघांच्या गटात तासाला माणशी १५ मिनिटं मिळतात, पण चूक सांगणारं कुणी नसतं. चिनी सहकाऱ्याबरोबर अर्धा तास मिळतो. तो बिचारा भिडेखातर चुका पोटात घालतो. फीचे आकडे नंतर बघा, आधी ही मिनिटं मोजा.

अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा-प्रशिक्षण संस्था मँडरिन कामापुरती नीट यायला इंग्रजी भाषकाला सुमारे २२०० वर्गतास लागतात, असं धरते. आठवड्याला तीन तासांच्या वर्गाने तेवढे तास भरायला चौदा वर्षं लागतील. म्हणजे नुसत्या वर्गावर ही भाषा येणार नाही. दोन मार्गांची जोडी लागते, आणि ती कुठली हे तुम्हाला भाषा कशासाठी हवी आहे त्यावर ठरतं.

वर्ग कशासाठी

वर्गाचं खरं बळ शिस्तीत आहे. अभ्यासक्रम ठरलेला असतो, गृहपाठ तपासला जातो, सोबत असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. विद्यापीठाचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जात शोभतं. पण भाषांतराच्या कामाला माणूस निवडणारे बहुतेक करून एचएसके या चीनच्या प्रमाणित भाषा-परीक्षेची पातळी विचारतात, कारण ती परीक्षा सगळीकडे एकच असते.

एचएसकेबद्दल फी भरण्याआधीच विचारून घ्यावं. २०१० पासूनच्या पद्धतीत सहा पातळ्या आहेत: पहिलीला १५० शब्द, दुसरीला ३००, तिसरीला ६००, चौथीला १२००. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांची नवी मानकं जाहीर झाली आणि त्यांत खालच्या पातळ्यांचेही शब्द बरेच वाढले. तेव्हा 'आम्ही दुसरी पातळी करून देतो' असं कुणी सांगितलं, तर कुठल्या यादीची दुसरी, हे विचारा. शिवाय एचएसकेच्या पहिल्या सहा पातळ्यांत तोंडी परीक्षा नाही. बोलण्याची परीक्षा एचएसकेके या नावाने वेगळी होते. त्यामुळे तिसरी पातळी चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी फोनवर दोन वाक्यं बोलताना अडखळतो, हे सर्रास दिसतं. दोष विद्यार्थ्याचा नाही. वर्ग परीक्षेकडे बघून चालतो आणि पहिल्या दोन पातळ्यांवर परीक्षा फक्त ऐकणं-वाचणं तपासते.

शाळेत ही भाषा मिळेल, अशी आशा पालकांनी धरू नये. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांमध्ये चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणातल्या यादीतून ती वगळली गेली. त्याच वर्षी केंद्राने कन्फ्यूशिअस इन्स्टिट्यूट या चीनच्या पाठबळावरच्या भाषा-केंद्रांच्या कामाचा आढावा घ्यायचं ठरवलं आणि चीनशी थेट विमानसेवाही थांबली, ती थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. या पाच वर्षांत चीनहून येणारे शिक्षक दुर्मीळ झाले. आज इथे शिकवणारे बहुतेक जण भारतीय आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मराठी माणसाची जीभ कुठे अडते हे त्यांना जास्त कळतं. फक्त माणूस पारखून घ्यावा लागतो.

शिक्षक पारखायचा कसा

पहिल्या भेटीत दोन गोष्टी तपासा. एक, तिसरा सूर. मँडरिनमध्ये चार सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, आहेत आणि एक हलका, बिनसुराचा उच्चार. पुस्तकातल्या आकृतीत तिसरा सूर खाली जाऊन वर येतो. बोलण्याच्या ओघात मात्र तो बहुतेक वेळा नुसताच खाली राहतो. दोन तिसरे सूर लागोपाठ आले, तर पहिला बदलून दुसरा होतो. 'नी हाओ'मध्ये नेमकं हेच घडतं. जो शिक्षक प्रत्येक तिसरा सूर पूर्ण वळसा घेऊन म्हणायला लावतो, त्याचे विद्यार्थी हिंदोळ्यावर बसल्यासारखे बोलतात. दोन, 'माइ' म्हणून दाखवायला सांगा: तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्या सुरात विकणं. डोळे मिटून ऐकल्यावर दहापैकी दहा वेळा फरक कळला पाहिजे. एवढ्या फरकावर व्यवहार उलटा होतो.

त्यानंतर शिक्षक व्यंजनं कशी समजावतो ते ऐका. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत, आपण इंग्रजीसारखी वाचतो आणि तिथेच घोळ होतो. पिनयिनमधलं 'बी' म्हणजे आपला प, 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. 'पी', 'टी', 'के' म्हणजे फ, थ, ख. मँडरिनमध्ये या जोड्यांतला फरक घोष-अघोषाचा (प-ब सारखा) नाही, अल्पप्राण-महाप्राणाचा (प-फ सारखा) आहे, आणि तो मराठी मूल बाराखडीतच शिकतं. म्हणून राजधानीचा उच्चार 'बीजिंग'पेक्षा 'पेइचिंग'च्या जास्त जवळ आहे. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला हे कळायला महिने जातात. देवनागरीत मांडलं तर एका बैठकीत कळतं.

मराठीकडे आणखी एक ठेवा आहे, तो हिंदीकडेही नाही: दोन प्रकारचे च. 'चिमणी'तला च म्हणजे पिनयिनचं 'जे', आणि 'चाक'मधला च म्हणजे पिनयिनचं 'झेड'. 'क्यू' म्हणजे 'छत्री'तला छ. अडचण येते ती 'सी'ची. तो 'चाक'मधल्या च-चा महाप्राण आहे आणि मराठीत नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून सराव करावा: 'झेड' म्हणताना पट्टी जवळपास स्थिर राहिली पाहिजे, 'सी' म्हणताना हलली पाहिजे. 'पी' म्हणतानाही सावध राहावं. 'फॅन'मधला दातांचा फ चालत नाही, दोन्ही ओठ मिटून 'फूल' म्हणतात तसा हवा.

हे उच्चार आणि सूर पहिल्या आठ-दहा आठवड्यांत बसले तर बसले. नंतर मोडायला दुप्पट कष्ट पडतात, कारण प्रत्येक शब्द चुकीच्या सुरासकट पाठ झालेला असतो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते सुरुवातीला एकट्याच्या शिकवणीवर घालावेत. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४० ते ४५ मिनिटं पुरतात. त्यापुढे नवख्याचा कान थकतो आणि सूर वेगळे ऐकू येईनासे होतात. गाव लहान असेल, आसपास शिक्षकच नसेल, तर ही शिकवणी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. मात्र इअरफोनला माइक हवा आणि आवाज स्वच्छ करणारी सेटिंग बंद ठेवायला हवी. ती श्वासाचा फुगारा कापून टाकते, मग 'प' आणि 'फ' शिक्षकाला सारखेच ऐकू येतात.

अभ्यासगट: स्वस्त, आणि नीट चालवला तर सर्वांत टिकाऊ

सोसायटीचं सभागृह, वाचनालयातली खोली, कुणाचा दिवाणखाना, काहीही चालतं. चार किंवा पाच जण पुरेत. सहाच्या वर गेलं की दोघं-तिघं नुसते ऐकायला येतात. आठवड्यातून एकदा सव्वा तास बसावं.

सुरुवातीची दहा मिनिटं सुरांच्या जोड्यांना द्यावीत. पहिल्या अक्षराचे चार सूर, दुसऱ्याचे चार आणि एक हलका, म्हणजे वीस जोड्या होतात. एकाने रेकॉर्डिंग लावायचं, बाकीच्यांनी कागदावर नुसते आकडे लिहायचे. मग पंधरा मिनिटं श्रुतलेखन: अर्ध्या मिनिटाचा मजकूर तीनदा ऐकून लिहिणं. पुढची वीस मिनिटं संवाद, पुस्तक मिटून. नंतर अर्धा तास एकाच विषयावर बोलणं. बाजार, घरची माणसं, कालचा दिवस. या अर्ध्या तासात मराठी-इंग्रजी बंद. शब्द अडला तर हाताने दाखवा, पण थांबू नका.

गट मोडतात त्याची कारणं ठरलेली आहेत. एक जण पुढे आणि तिघं मागे असले की पुढचा कंटाळतो, मागचे लाजतात. म्हणून पातळी साधारण सारखी ठेवावी. दुसरं कारण जास्त घातक आहे. गटातला जो सर्वांत मोकळं बोलतो, त्याचे चुकीचे सूर महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी बसतात. उपाय सोपा आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करावं आणि गटाने मिळून ठरवलेल्या शिक्षकाकडे पाठवावं. महिन्यातून एकदा त्याच शिक्षकाला बैठकीला बोलवावं. पाच जणांत वाटला तर हा खर्च एकट्याच्या शिकवणीपेक्षा खूप कमी पडतो.

लिपी गटात शिकू नये, वेळ वाया जातो. ते काम घरी, चौकटींच्या वहीत, रोज पाच अक्षरं. पहिली दीडशे-दोनशे हाताने आणि रेषांच्या क्रमानेच लिहावीत. पुढे टंकलेखनावर गेलं तरी चालतं. संगणकावरच्या परीक्षेतही पिनयिन टाइप करून अक्षर निवडायचं असतं.

बोलायला माणूस

मुंबईत पुष्कळांना वाटतं, माझगावच्या चिनी मंदिरात जाऊन बोलायचा सराव करता येईल. सी यूप कून हे १९१९ चं मंदिर जरूर बघावं, चिनी नववर्षाला तर नक्कीच. पण 'सी यूप' म्हणजे ग्वांगतोंग प्रांतातले चार तालुके. तिथून आलेल्या घरांची बोली कँटोनीज वळणाची, मँडरिन नव्हे. आणि आताची पिढी तुमच्याशी हिंदी-मराठीत बोलेल. कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीतही तेच, तिथली घरची भाषा हाक्का. या समाजाला सरावाचं साधन समजून त्यांच्या दारात जाऊ नये, हे आम्हाला मनापासून वाटतं.

मँडरिन बोलणारी माणसं भेटतात ती औद्योगिक पट्ट्यात. रांजणगावला हायर ही चिनी कंपनी आहे, चाकणला सॅनी. अशा ठिकाणी येणारे अभियंते काही महिन्यांसाठी येतात, आणि त्यांनाही कामगारांशी बोलायला हिंदी किंवा थोडी मराठी हवी असते. देवाणघेवाण इथे खरी होते. अट एकच: घड्याळ लावून ३० मिनिटं मँडरिन, ३० मिनिटं त्यांना हवी ती भाषा. घड्याळ नसलं की दोघंही दहा मिनिटांत इंग्रजीवर येतात. 'माझ्या चुका सांगा' एवढं म्हणून भागत नाही. 'आज फक्त माझा चौथा सूर ऐका' असं नेमकं सांगितलं तर ते सांगतात. दक्षिण चीनचा माणूस असेल तर 'ष' आणि 'स' एकच ऐकू येतील. ऐकायची सवय म्हणून ते उत्तमच. उच्चाराचा नमुना म्हणून मात्र शिक्षकाचाच धरा. नवख्याने या वाटेला जाऊ नये. निदान तीनशे शब्द आणि साधी वाक्यं येईपर्यंत समोरच्याचा वेळच जातो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि रुग्ण-सहकाऱ्यांमध्ये राहून चिनी शिकले. त्यांच्याकडे दिवसभर तीच भाषा कानावर होती. आपल्याकडे आठवड्यातला एक तास असतो, म्हणून तो तयारी करून वापरावा लागतो.

सिंगापूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी. तिथे भाषा दारात आहे, कम्युनिटी क्लबमध्ये वर्ग आहेत. अडचण अशी की समोरचा लगेच इंग्रजीत उत्तर देतो आणि वयस्क दुकानदार घरी होक्कियन किंवा तेओच्यू या दक्षिण चिनी बोली बोलतात. तिथे वर्गापेक्षा 'आज फळं मँडरिनमध्येच घ्यायची' असा नेम जास्त उपयोगी पडतो.

कुणी काय निवडावं

कारखान्यात दुभाष्याचं काम हवं असेल, तर तीन महिने शिकवणी, मग गट आणि बोलायला माणूस. परीक्षा चौथ्या पातळीपासून द्यावी, खालच्यांवर पैसे घालू नयेत. चीनच्या विद्यापीठात शिकायचं असेल, तर वर्ग लावाच. मात्र प्रवेशासाठी एचएसकेचा निकाल दोन वर्षंच धरला जातो, म्हणून परीक्षा अर्जाच्या आधीच्या वर्षात बसवावी. तैवानला जायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून पारंपरिक (चीनमधल्यासारखी सोपी न केलेली) लिपी शिकवणारा शिक्षक शोधा. तिथली परीक्षा टीओसीएफएल, शिष्यवृत्ती ह्वायू, आणि तैवानच्या प्रतिनिधी कार्यालयाची शाखा ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईतच आहे, चौकशी तिथे करता येते. निव्वळ आवडीखातर शिकणाऱ्याने दोन महिन्यांची शिकवणी आणि मग गट, एवढंच करावं.

बोलायला माणूस मिळाला असेल, तर तो परत जाण्याआधी ई-मेल पत्ता घेऊन ठेवा. वीचॅट हे चिनी संदेश-ॲप भारतात २०२० पासून बंद आहे, व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही. सहा महिन्यांची जमलेली ओळख विमानतळावरच तुटते. एक महिना आधीपासून आठवड्याला एक मेल सुरू करा: तुमच्याकडून दहा ओळी चिनीत, त्यांच्याकडून त्याच दहा ओळी दुरुस्त करून.